कुंकू लावलेली कडी

कडे चढताना दोर अडकवायच्या कॅराबिनरला आमच्या घरात कडी म्हणतात, आणि कडी आहे म्हटल्यावर ती कुठेही लावता येते यावर माझ्याखेरीज सगळ्यांचं एकमत आहे. पुण्याहून परत आले तेव्हा माझ्याकडे अकरा कॅराबिनर होते. सहा महिन्यांत त्यातला एक दुधाच्या कॅनच्या कानाला सापडला, एक म्हशीच्या दाव्याला, आणि एक वहिनीने न्हाणीघराच्या दाराला आतून लावला होता, कारण तिथला कोयंडा तुटला होता. तो शेवटचा मी तीन महिन्यांच्या पगारातून वाचवून घेतला होता. मी भडकले तर दादा म्हणाला की एवढी मजबूत वस्तू पिशवीत पडून राहण्यापेक्षा कामाला आली, यात वाईट काय झालं.

पुण्यात नोकरीच्या सात वर्षांत मी कडे चढायला शिकले. मग आमची आई गेली, नोकरीचाही कंटाळा आला, आणि मी पिंपळगाव राजाला दादा-वहिनीकडे परत आले. खामगावच्या एका कॉलेजात शिकवायला जाते आणि संध्याकाळी घरी येते. चढायचं म्हटलं तर आमच्याकडे सपाट काळी जमीन. डोंगर बघायचा तर संग्रामपूर ओलांडून सोनाळ्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी जा, आणि तिथे दोर काढला की कोणीतरी येऊन विचारतं, बाई, काय हरवलं? एकदा एका म्हाताऱ्याने माझ्यासोबत अर्धा तास ती हरवलेली वस्तू शोधली. मी काही हरवलेलं नाही हे त्याला पटलंच नाही.

तेव्हा माझा कडा म्हणजे विहिरी. आमच्याकडे विहीर साठ-सत्तर फूट खोल असते. वरचा थोडा भाग बांधलेला, खाली उघडा खडक. दादा या विहिरींत उतरतो. भाजीपाल्याची शेती करतो, वांगी आणि मिरची, पण पाण्याची मोटार अडकली, पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह बसला, बकरी पडली की आसपासचे लोक त्यालाच बोलावतात. तो पैसे घेत नाही. कोणी बोलावलं की हात नाही म्हणत नाहीत, असं तो सांगतो. उतरायची त्याची पद्धत म्हणजे कमरेला जाड दोराचा नाडा, वर चार माणसं, आणि देवाचं नाव. जिथे विहीर खोदायची यारी, म्हणजे क्रेन, उभी असेल तिथे यारीच्या बकेटमध्ये उभा राहून खाली जातो, एका हाताने साखळी धरून, दुसऱ्या हाताने विडी ओढत.

मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा वहिनी विहिरीपासून लांब बांधावर बसली होती, पाठ करून. दादा उतरला की ती कधीच विहिरीकडे बघत नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली, तिने एकदाही बघितलेलं नाही. खालून आवाज आला की मगच मान वळवते.

मग मी ठरवलं की याला नीट शिकवायचं. कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा हार्नेस दिला, दोर दिला आणि चार कॅराबिनर दिले. आणि इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

दादाला सगळ्या कड्या सारख्या दिसत. मी ओसरीवर सतरंजी टाकून त्या मांडल्या आणि एकेक समजावत गेले. ही साधी, नुसत्या स्प्रिंगच्या दाराची. कड्यावर भराभर दोर अडकवायला ही बरी, पण दगडाला घासून दार उघडू शकतं, म्हणून माणसाचा जीव एकट्या हिच्यावर कधीच टाकायचा नाही. विहिरीत हिच्यात फक्त पाना आणि पकडीची पिशवी लटकवायची. ही पेरूसारखी, एका बाजूने रुंद. ही वर माझ्याकडे राहील, कारण दोर सोडताना हिच्यात तो गाठीसकट मोकळा फिरतो. ही लोखंडी, जड. झाडाला बांधलेल्या पट्ट्यात ही लागेल, कारण मातीने माखलेला दोर हलक्या धातूला कानशीसारखा खातो. आणि ही इंग्रजी डीच्या आकाराची, दारावर आट्यांची नळी असलेली. कड्यावर आम्ही दोर सरळ हार्नेसलाच गाठ मारून बांधतो. विहिरीत तुला खाली सुटं व्हावं लागतं, म्हणून मध्ये ही कडी. वजन हिच्या सरळ कण्यावर येतं. दार लावायचं, नळी फिरवून वर घ्यायची, म्हणजे दार उघडत नाही. तुझा सगळा भार हिच्यावर. समजलं?

समजलं, म्हणाला. आणि चार दिवसांनी खामगावच्या बाजारातून सहा कड्या घेऊन आला. लाल, निळ्या, सोनेरी. चाव्या अडकवायच्या. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की हिला ट्रॅक्टर लटकवला तरी काही होत नाही. मी त्यातली एक पकडीत धरून वाकवून दाखवली, तर दादा म्हणाला, पकडीने काहीही वाकतं. मी त्याला माझ्या कडीच्या कण्यावर कोरलेले तीन आकडे दाखवले. पहिला, लांबीला वजन आलं तर किती सोसेल. दुसरा, आडवं वजन आलं तर. तिसरा, दार उघडं राहिलं तर. दुसरा आणि तिसरा पहिल्याच्या मानाने अगदीच लहान असतात. म्हणजे कितीही चांगली कडी घ्या, दार लागलं नसेल तर ती त्या योग्यतेची राहतच नाही. हे मी किती वेळा सांगितलं असेल त्याला हिशेब नाही. प्रत्येक वेळी शेवटी एकच वाक्य म्हणायचे, नळी फिरवली तरी अंगठ्याने दार दाबून बघ. तो हाव म्हणून मान डोलवायचा आणि मिरचीच्या भावाबद्दल बोलायला लागायचा.

खरं सांगायचं तर माझंही एकदा चुकलं होतं. नळी फिरवायला हा विसरेल म्हणून मी त्याच्यासाठी आपोआप लॉक होणारा कॅराबिनर मागवला, चांगला महाग. पहिल्याच विहिरीत त्याच्या स्प्रिंगमध्ये गाळ गेला आणि तो उघडेना. दादा खाली गुडघाभर चिखलात त्या कडीशी झटत उभा, मी वरून सूचना देतेय, आणि विहिरीच्या काठावर जमलेली मंडळी मला शिकवतायत. शेवटी त्याने हार्नेसच काढून ठेवला आणि काम केलं. त्यावरून दादाने मला महिनाभर चिडवलं. पुण्याची कडी पाणी पाहून लाजते, म्हणे.

गेल्या दसऱ्याला मी सुट्टीत मित्रमैत्रिणींबरोबर चढायला सह्याद्रीत गेले होते. विहिरीचं सामान घरीच होतं. परत आले तर पिशवी खुंटीवर, आणि आत सगळं लाल. आमच्याकडे दसऱ्याला घरातली सगळी अवजारं धुऊन पाटावर मांडतात. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरचे पाने, सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. वहिनीने त्यात माझ्या चारही कड्या मांडल्या होत्या. कुंकू तेलात कालवून लावलेलं, चांगलं बोटभर. हार्नेसच्या पट्ट्यांवरसुद्धा टिळे. झेंडूच्या पाकळ्या तर दोराच्या वेटोळ्यात महिनाभर निघत होत्या.

मी वहिनीला जे बोलले ते आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते. हे पूजेचं सामान नाही, हे मोजमापाचं सामान आहे, असं काहीतरी म्हणाले. तुम्हाला काही सांगून उपयोग नाही, असंही म्हणाले. वहिनी माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती पोळपाट घेऊन आत गेली. मी ओलं फडकं घेतलं आणि चारही कड्या बाहेरून पुसल्या. बाहेरून. चकचकीत दिसायला लागल्या तशी पिशवी परत खुंटीला लावली. त्या दिवसांत विहिरी तुडुंब होत्या, उतरायचं काम नव्हतं.

काम निघालं ते माघात. पाणी खाली गेलं होतं, गहू पाण्यावर आला होता, आणि शेजारच्या शेतातल्या काकांची मोटार विहिरीत कपारीत अडकली. वर ओढायला जावं तर दोर तुटायला आला. काकांनी सकाळीच निरोप पाठवला. मी कॉलेजला जायच्या तयारीत होते, ती सुट्टी टाकून निघाले. वहिनीही नेहमीसारखी आली आणि बांधावर पाठ करून बसली.

मी पोचले तेव्हा दादाने हार्नेस चढवला होता, माझी लोखंडी कडी कडुनिंबाला बरोबर लावली होती, आणि त्याच्या पोटाशी, जिथे त्याचा सगळा भार येणार, तिथे होती बाजारातली ती सोनेरी कडी.

माझं डोकंच फिरलं. काकांसमोर, त्यांच्या दोन गड्यांसमोर मी त्याला काय काय बोलले. दीड वर्ष मी कोणाशी बोलत होते, भिंतीशी? सतरंजीवर काय मांडलं होतं, पत्ते? गडी खाली बघायला लागले. काका म्हणाले, जाऊ दे पोरी. दादा शांतपणे म्हणाला, "तुही ती कडी घट्ट फिरून राह्यली म्हणून पिशवीतच ठेवली. नळी अर्ध्यावर अडते."

"घट्ट फिरते तं चांगलंच हाये. ढिली पाहिजे काय तुले?" मी म्हणाले.

आणि मी त्याच्या पोटाशी ओणवी होऊन सोनेरी कडी काढली, लांब, कापलेल्या ज्वारीच्या फणकटात भिरकावली. पिशवीतून माझी डीच्या आकाराची कडी काढली, योग्य कडी, जिच्यावर माणसाने लटकावं अशी. दोर घातला, हार्नेसची पट्टी घातली, दार सोडलं, नळी फिरवली. दोन-अडीच फेरे फिरली आणि अडली. मला वाटलं, लागली. मी झाडाकडे गेले, पेरूच्या आकाराच्या कडीत दोर घातला, बूट रोवले आणि ओरडले, चल. माझा राग अजून उतरला नव्हता. बाजारातली कडी लावणारा माणूस माझा भाऊ आहे, एवढंच डोक्यात चालू होतं.

दादा कठड्यावर बसला, पाय आत सोडून. आता तो हातांवर भार घेऊन अंग आत सोडणार, म्हणून मी दोर ताणला. पण तो बसूनच राहिला, मान खाली घालून. मला आणखी राग आला. मी म्हणाले, आता काय झालं?

त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "इकडे ये जरा. दोर बांधून ये."

मी दोर झाडाला पक्का करून गेले. त्याने माझा हात धरला आणि माझा अंगठा कडीच्या दारावर ठेवून दाबला. दार आत गेलं, नळीसकट. सहज. मी अंगठा उचलला, तर दार परत येऊन तोंडापाशी तांदळाच्या जाडीएवढं उघडं थांबलं. त्याच्या कडेतून दोराचा एक पदर दिसत होता.

काका विचारत होते, झालं काय? दादाने हार्नेसमधून कडी सोडवली, दार उघडलं आणि आत करंगळीचं नख घातलं. दाराच्या खाचेत तांदळाचा दाणा रुतून बसला होता. कुंकवात भिजून वाळलेला, लालभडक, तेलाने खडीसारखा घट्ट झालेला. त्या दाण्यामुळे दार शेवटपर्यंत बसत नव्हतं आणि नळी तोंडाला टेकून अडत होती. ती लागलेली नव्हतीच. अर्ध्यावर अडते, हे दादाने मला सांगितलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

"तूच सांगतलं होतं, दाबून पाहाचं म्हणून," तो म्हणाला. बस, एवढंच. चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

काकांना त्याने सांगितलं की दोराला पीळ पडलाय, थोडं थांबा. मी खाली बघितलं तर पाणी फार लांब होतं, आणि मधल्या खडकाला मोटारीचा पाइप घासल्याची पांढरी रेघ होती. मी त्या दिवशी त्याला कडीवर जाऊ दिलं नाही. दोर सरळ हार्नेसला गाठ मारून बांधला, तीन वेळा तपासला, त्याला तीन वेळा तपासायला लावला. खाली सुटं होता येत नाही म्हणून तो कुरकुरत राहिला, मी दोर देत-ओढत राहिले, हातांना फोड आले. दुपारपर्यंत मोटार निघाली. काकांनी चहा दिला, तो मला गेला नाही.

मोटार निघेपर्यंत बांधावर वहिनी होती तशीच होती, पाठ करून.

वहिनी स्वयंपाकासाठी पुढे निघून गेली. घरी परतताना मी रस्ताभर तिला काय बोलायचं ते जुळवत होते. दादाने ते ओळखून मला दोनदा सांगितलं की तिला काही बोलू नको. मला त्याचाही राग आला. सांगायचं नाही म्हणजे पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच. आणि मला राग कोणावर तरी काढायचा होता, माझ्यावर काढायचं धाडस नव्हतं म्हणून म्हणा. घरी पोचल्या पोचल्या मी कडी वहिनीसमोर ओट्यावर ठेवली, शेजारी तो लाल दाणा ठेवला, आणि काय झालं असतं ते जसंच्या तसं सांगितलं.

वहिनीच्या हातात कणीक होती. तिने तो दाणा उचलून बघितला. मग म्हणाली, "बाई, हे कोन्या कडीवर लटकतात ते तुमीच तं दाखवलं होतं ओसरीवर. मी तं कामातूनच आयकत होती. बाकीच्यांले दोन-दोन दाणे वाह्यले. हिले मूठभर वाह्यले."

मला ती ओसरी आठवली. त्या दिवशी सतरंजीभोवती मी, दादा, आणि सुपात गहू निवडत खाली मान घालून बसलेली वहिनी. माझं कोणी ऐकत नाही अशी तक्रार मी गावभर केली होती. ऐकलं होतं दोघांनीही. एकाने दाबून बघायचं लक्षात ठेवलं, दुसरीने कोणती कडी ते लक्षात ठेवलं. फक्त मी दाबून बघितलं नव्हतं.

मला रडू आलं आणि ते मला आवडलं नाही. वहिनीने कणकेचा हात तसाच माझ्या पाठीवर ठेवला, कुडत्याला पीठ लागलं. दादा न्हाणीघरात अंगावर पाणी घेत होता, ते ऐकू येत होतं. त्या दाराला अजूनही माझा एक कॅराबिनर आहे. तो मी परत मागितलेला नाही.

त्या रात्री मी जेवून लगेच झोपले. सकाळी उठले तर वहिनी अंगणात बसलेली, चारही कड्या परातीत, गरम पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशने आटे घासत होती. सुईने खाचा कोरत होती. तरी मला सांगावंसं वाटलंच की आट्यांत साबण राहू देऊ नका, नीट धुवा. सांगितलंही. सवय जात नाही.

यंदाच्या दसऱ्याला मी घरीच थांबले. वहिनीने पाट मांडला, विळे, खुरपी, पाने, पंप. कड्यांची पूजा करू नका असं मी म्हणणार होते, पण म्हणाले नाही. तिने कड्या पाटावर ठेवल्या आणि त्यांच्यावर एक स्वच्छ पांढरा रुमाल टाकला. हळदकुंकू रुमालावर वाहिलं, अक्षताही रुमालावर. मग रुमाल चारी कोपऱ्यांनी उचलून बाजूला ठेवला. एकही दाणा खाली सांडला नाही.

आरती झाल्यावर तिने ती डीच्या आकाराची कडी हातात घेतली. दार लावलं, नळी फिरवली, शेवटपर्यंत, आणि अंगठ्याने दाबून बघितलं. एकदा, मग पुन्हा एकदा. समाधान झालं नाही बहुतेक. तिने ती माझ्यापुढे धरली.

"तुमीबी पाहा," म्हणाली.

मी अंगठा ठेवला आणि दाबला.